दादाचा पाय आणि सिंगापूरच्या अळ्या

सिंगापूरला जाऊन आले म्हटलं की साताऱ्यातला प्रत्येक जण आधी हेच विचारतो, "ते सिंहाच्या तोंडातून पाणी पडतं, ते बघितलंत का?" नाही बघितलं. उंच पाळण्यात बसले नाही, पक्ष्यांच्या बागेत गेले नाही, आणि शेजारणीनं दिलेली खरेदीची यादी घडी न मोडता परत आणली. तीस दिवसांतले बहुतेक दिवस मी एका रुग्णालयाच्या पाचव्या मजल्यावर काढले. तरी मला वाटतं, मी सिंगापूर पाहिलं. निदान कुणी सहसा बघत नाही ते तरी नक्की पाहिलं.

ही २०१५ सालची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, मोजणी खात्यात भूकरमापक होता. शेतं मोजायची, हद्दीचे दगड कुठे बसवायचे ते ठरवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. तालुक्यातला एकही डोंगर त्यानं पायी तुडवायचा ठेवला नाही. वहिनी गेल्यावर त्याचा मुलगा निखिल त्याला सिंगापूरला घेऊन गेला. निखिल जुरोंग ईस्टला एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्याची बायको गौरी बुओना व्हिस्टाला एका संशोधन संस्थेत माशांवर काम करते. पाण्यातले मासे नव्हेत, पिकल्या केळ्यावर बसणाऱ्या बारक्या माशा. त्यांची तेव्हा सहा वर्षांची असलेली इरा, आणि दादा, असे चौघं चोआ चू कांगला बाराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतात.

एका सकाळी निखिलचा फोन आला. "आत्या, बाबांचा पाय कापायचा म्हणतायत."

दादाला मधुमेह, पंधरा-सोळा वर्षांचा. नवे बूट घालून तो रोज इमारतीखाली फेऱ्या मारत होता. बूट लागला, करंगळीखाली फोड आला, फुटला. पायाला संवेदना कमी, त्यामुळे त्याला कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा त्यानं लपवलं. दोन आठवडे घरात मोजे घालून वावरला. शेवटी इरानं आईला सांगितलं, "आजोबांच्या खोलीत काहीतरी कुजलंय."

"पुढचा अर्धा तळवा कापावा लागेल असं डॉक्टर म्हणतात," निखिल म्हणाला. "त्याआधी एक उपाय करून बघता येईल. जखमेत अळ्या सोडायच्या. पण बाबा ऐकायलाच तयार नाहीत. डॉक्टरांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत उत्तर मागितलंय. तू ये. तुझंच ऐकतील."

अळ्या म्हटल्यावर निखिलला मी का आठवले हे मला लगेच कळलं. मी तीस वर्षं रेशीम कार्यालयात नोकरी केली. शेतकऱ्यांच्या बांधावर तुती लावायची, रेशमाच्या अळ्या कशा वाढवायच्या ते शिकवायचं. अळ्यांची मला किळस नाही. अळी आजारी असली तर मी वासावरून सांगू शकते.

व्हिसा होऊन मी पोचले तेव्हा मंगळवार उजाडला होता.

रुग्णालय, पाचवा मजला

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि मला वाटलं कुठेतरी शेत पेटवलंय. सगळं आभाळ करडं. निखिल म्हणाला, शेजारच्या देशात जंगलं जळतात, त्याचा धूर दर वर्षी असा येतो, यंदा जास्तच आहे. देशाला पन्नास वर्षं झाली म्हणून जागोजागी लाल-पांढऱ्या पताका, आणि त्यांच्याखालून तोंडाला मास्क लावलेली माणसं शिस्तीत चाललेली. घरी बॅग टाकली, चहा घेतला आणि तशीच रुग्णालयात गेले.

दादा खिडकीकडे तोंड करून पडला होता. मला बघून उठून बसला आणि पहिलं वाक्य बोलला, "तू कशाला आलीस? तुला कुणी बोलावलं?"

"तुझ्या पायानं," मी म्हटलं.

सिस्टर फरीदा ड्रेसिंग बदलायला आली. चाळिशीची, डोक्याला निळा रुमाल, हात अतिशय हलका. मी बघायची परवानगी मागितली. जखम करंगळीपासून तळव्याच्या मध्यापर्यंत गेली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं. बाकी सगळं पिवळं, चिकट, आणि तो वास. मी चेहरा हलू दिला नाही. दादा माझ्याच तोंडाकडे बघत होता.

संध्याकाळी डॉक्टर आल्या. तरुण चिनी बाई, बोलणं भरभर पण स्पष्ट. मी माझ्या शाळेच्या इंग्रजीत त्यांना सगळं दोनदा सांगायला लावलं. पायाचा रक्तपुरवठा चांगला आहे, म्हणजे मांस पुन्हा भरू शकतं. दोन बोटांचं हाड सडलंय, ती जाणारच. पण तळव्यातलं मेलेलं मांस निघालं तर तळवा वाचेल. हे काम सुरीनं केलं तर चांगलं मांसही जातं. अळ्या फक्त मेलेलं खातात. "गॅरंटी नाही," त्या म्हणाल्या. "पण प्रयत्न करण्यासारखा पाय आहे."

त्या गेल्यावर दादा म्हणाला, "कापा म्हणावं. किडे नकोत."

"अरे पण का?"

"मी काय मेलेलं जनावर आहे?" एवढं बोलून त्यानं पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. त्यानंतर दोन तास मी तिथेच बसून होते.

मला राग आला. साडेतीन-चार हजार किलोमीटरवरून मी भावाची पाठ बघायला आले नव्हते. शुक्रवारला तीन दिवस होते. ह्या तीन दिवसांत त्याच्याकडून 'हो' घ्यायचं, एवढं ठरवून मी उठले.

बुओना व्हिस्टा

पण कुणाला पटवायचं तर आधी आपल्याला पटलं पाहिजे. रेशमाची अळी मला माहीत, जखमेतली नाही. म्हणून बुधवारी मी गौरीच्या संस्थेत गेले. सकाळी तिला लवकर जायचं होतं. मी मागून एकटी निघाले. जुरोंग ईस्टला गाडी बदलायची, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. गाडी बदलली ती उलट्या दिशेची, आणि बून ले स्टेशनवर जाऊन उतरले. तिथे एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला हाताला धरून नव्हे, पण जवळजवळ तसंच, समोरच्या फलाटावर नेऊन उभं केलं आणि गाडी येईपर्यंत थांबले. "आंटी, धिस साइड," असं तीनदा बजावलं. तिथे सगळे सगळ्यांना आंटी आणि अंकल म्हणतात. आपण अनोळखी माणसाला काका, मावशी म्हणतो तसंच. मला एकदम बरं वाटलं.

गौरीनं मला सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या माशीची अळी दाखवली. "जखमेत सोडतात त्या हिरव्या चमकदार माशीच्या असतात आत्या, ह्या नाहीत. पण तोंड साधारण असंच. बघा."

मी डोळा लावला. रेशमाच्या अळीला जबडे असतात, तुतीचं पान ती कडेनं कातरत जाते. शांत खोलीत हजारो अळ्या खायला लागल्या की त्यांचा आवाजही येतो. ह्या अळीला जबडा नव्हताच. दोन काळे आकडे, बस्स.

"म्हणजे ही चावू शकत नाही?"

"नाही. ती रस सोडते. त्या रसात मेलेलं मांस विरघळतं आणि ती ते पिते. जिवंत मांस त्या रसानं सहसा विरघळत नाही. आणि त्या रसानं बरेच जंतूही मरतात. औषधाच्या अळ्या अंड्यापासूनच निर्जंतुक करून वाढवतात. दोन-तीन दिवसांत काढून टाकतात, त्यामुळे माशी व्हायची वेळच येत नाही."

"हे तू दादाला का नाही सांगितलंस?"

गौरी जरा घुटमळली. "दोनदा सांगितलं. ते ऐकून घेतात, 'बरं' म्हणतात आणि पेपर उघडतात. मी सून आहे आत्या. मी फार लावून धरलं आणि उद्या काही वाईट झालं तर... मला भीती वाटते."

ती माझ्यापेक्षा शंभरपट शिकलेली पोरगी, आणि डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "चल, आधी काहीतरी खाऊ."

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखाली पन्नासेक टपऱ्या, मधे टेबलं, मी फलकावर 'कॅरट केक' वाचलं आणि तेच हवं म्हणून बसले. गौरी हसली पण बोलली नाही. समोर आलं ते अंड्यात परतलेलं, लसूण घातलेलं, तिखट. गाजराचा पत्ता नाही, केक तर नाहीच. पांढऱ्या मुळ्याचे उकडलेले वडीसारखे तुकडे होते. आपल्या कोथिंबीरवडीच्या जातीचं. मी सगळं संपवलं आणि निघताना तिखट मिरचीचा ठेचा पण पुसून खाल्ला. पोटात अन्न गेल्यावर माझं डोकं चालायला लागलं. दादाला अळीची माहिती नको होती. त्याच्या मनात वेगळंच काहीतरी अडकलं होतं, आणि ते मला काढायचं होतं.

पुन्हा पाचवा मजला

गुरुवारी निखिलला मी ऑफिसला पिटाळलं. पडदा ओढून घेतला आणि दादाला म्हटलं, "आता खरं सांग. मेलेलं जनावरबिनावर मला सांगू नकोस. गाईच्या जखमेतले किडे तू स्वतः चिमट्यानं काढलेले मी पाहिलेत. तुला कसली किळस?"

बराच वेळ तो बोटांनी चादरीची कड चाचपत राहिला.

"जावळीकडं एक मोजणी होती," शेवटी म्हणाला. "तू तेव्हा नोकरीलाही लागली नव्हतीस. एक विधवा बाई आणि तिचा दीर. मोजणीत हद्द तिच्या लिंबोणीच्या झाडांच्या अलीकडून गेली. चार झाडं होती, तिनं डोक्यावरून पाणी आणून वाढवलेली. ती झाडं दिराकडं गेली. मी दोनदा मोजलं, शैला. नकाशा तसाच होता. मी कागद गुंडाळत होतो आणि ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. म्हणाली, 'ज्या पायांनी माझ्या रानात फिरलास, त्या पायांत किडे पडतील.'"

चाळीस वर्षं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीलाही नाही.

"डॉक्टरीणबाई अळ्या म्हणाली आणि मला ती बाईच दिसली. आता तूच सांग, मी हातानं सही करून ते खरं करू?"

माझा दादा, आयुष्यभर कोनमापी आणि साखळी घेऊन फिरलेला, ज्यानं घरात कधी नवससुद्धा बोलू दिला नाही, तो हे बोलत होता. त्याची चेष्टा करणं मला जमलं नसतं. पण त्याला त्यात राहू देणंही जमलं नसतं.

"दादा, मोजणी बरोबर होती ना?"

"बरोबर होती."

"तिला दुःख झालं, ती बोलली. तिच्या जागी मी असते तर मीही बोलले असते. पण पायाला बूट लागला, रक्तात साखर होती आणि तू दोन आठवडे मोजे घालून बसलास. झालंय ते एवढंच. त्यात त्या बिचारीला कशाला ओढतोस?"

दादानं चादर ओढून पाय झाकला.

"आणि तरीही तुला तो शापच वाटत असेल तर वाटू दे. किडे पडतील, एवढंच ती म्हणाली. पाय जाईल असं काही म्हणाली नाही."

दादा माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्याच्या नाकातून हसू फुटलं. रडू आणि हसू एकदमच. मी पाणी दिलं. मग मी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं. "सर्जनला मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं ते डोळ्यांनी दिसत नाही. तो थोडं आत घेऊन कापणार. तुझं चांगलं रान त्यात जाणार. ही अळी बारीक बघून हद्द काढते. तुझ्याहून बारीक."

"माझ्याहून नाही," दादा म्हणाला. मग जरा वेळानं, "बोलाव त्यांना."

फॉर्मवर त्यानं पूर्वी नकाशांवर करायचा तशी लांबलचक सही केली. गॅरंटी नाही, हे डॉक्टरांचं वाक्य मी विसरले नव्हते. उद्या काही बिघडलं असतं तर ते माझ्या हट्टानं बिघडलं असतं.

चायनाटाउन

अळ्या मागवायला लागतात, यायला दोन-तीन दिवस लागतात. शेजारच्या खाटेवर एक चिनी अंकल होते, त्यांचाही पायच. त्यांची बायको, म्हणजे आंटी, दिवसभर लोकरीचं काहीतरी विणत बसायची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच तुटकं, त्यामुळे आमचं छान जमलं. दादाच्या अळ्यांचं तिला कळलं तेव्हा तिनं नाक मुरडलं नाही. म्हणाली, "इन्सेक्ट गुड मेडिसिन. आय शो यू." शनिवारी सकाळी ती मला चायनाटाउनला घेऊन गेली.

औषधाचं दुकान जुनं, तिथे त्याला मेडिकल हॉल म्हणतात. आत शिरताच सुंठ, लाकूड आणि दमट कागद असा मिळून वास. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात येतो त्याचाच चुलतभाऊ. भिंतभर छोटे खण, पुढे काचेच्या बरण्या. एका बरणीत पालीच्या कातेसारखं काही दिसलं. जवळून पाहिलं तर पावसाळ्याआधी झाडावर किर्र ओरडणाऱ्या किड्याच्या पोकळ कवचांचा ढीग. अंग सोडून किडा उडून जातो आणि मागे राहतं ते. आंटी म्हणाली, नातवाचा आवाज बसला, घसा धरला की ती हे शेवंतीच्या फुलांबरोबर उकळते. एका ठिकाणी वाळवलेली गोम, काड्यांना ताणून बांधलेली.

आणि तिसऱ्या बरणीपाशी माझे पाय थांबले. पांढऱ्या, कडक, खडूच्या तुकड्यांसारख्या रेशमाच्या अळ्या. त्या अळ्यांना मी कुठेही ओळखलं असतं. तुती उत्पादकाच्या घरात ही पांढरी बुरशी शिरली की सगळी बॅच जाते. शेतकऱ्यांना मी हजार वेळा सांगितलंय, दिसल्याबरोबर उचला, लांब नेऊन जाळा, हात चुन्याच्या पाण्यानं धुवा. एकदा माण तालुक्यात एका बाईच्या शेडमध्ये सगळ्याच्या सगळ्या अळ्या अशा मेल्या होत्या, आणि आम्ही दोघींनी मिळून त्या जाळल्या होत्या. ती धुराकडे बघत उभी होती ते मला आजही दिसतं. तीच मेलेली अळी इथे बरणीत, वर चिनी अक्षरांत नाव.

"ही कशासाठी?" मी विचारलं.

दुकानाचे म्हातारे मालक आंटीमार्फत म्हणाले, आकडी येणाऱ्या मुलांना, तोंड वाकडं झालेल्यांना पूर्वीपासून देतात. गुण किती येतो, मला माहीत नाही. मी कुणाला द्या म्हणणार नाही. पण आपणही वेगळे कुठे आहोत? भाजलं की मध लावतो, पायाच्या भेगांना मेणाचं मलम, वैद्य हाड मोडलं की लाख देतात. मध, मेण, लाख, तिन्ही किड्यांचीच.

मला राहवलं नाही. मी विचारलं, मधुमेहाच्या जखमेवर काही आहे का. म्हाताऱ्यांनी चष्मा काढला. आंटीकडून सगळं नीट विचारून घेतलं. कुठे जखम, किती दिवस, डॉक्टर कोण. मग मान हलवली आणि थेट मला इंग्रजीत म्हणाले, "हॉस्पिटल ऑलरेडी? देन नो. नथिंग पुट." काही लावू नका. विकायला बसलेला माणूस गिऱ्हाइकाला नाही म्हणाला. मी त्यांना नमस्कार केला.

येताना आंटीनं मला बिनसाखरेची काळी कॉफी पाजली. 'कोपी-ओ कोसाँग'. कोसाँग म्हणजे रिकामं. खूप कडू होती. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पोट धरून हसली. मग एकदम गंभीर होऊन म्हणाली, तिच्या नवऱ्याचा एक पाय आधीच गेलाय. आता दुसरा चाललाय. त्याच्या पायात रक्तच पोचत नाही, म्हणून त्याला अळ्या देत नाहीत. तिनं स्वतः विचारलं होतं. मी तिचा हात धरला, आणि स्टेशन येईपर्यंत सोडला नाही.

अळ्या

सोमवारी सकाळी सिस्टर फरीदा एक छोटी बाटली घेऊन आली. आत दोनेकशे अळ्या असतील, कणीपेक्षाही बारीक. दादा म्हणाला, "एवढ्याच?" त्याच्या आवाजात अपमान होता. मला हसू आलं.

जखमेच्या कडेनं तिनं चिकटपट्टीची चौकट लावली, अळ्या आत सोडल्या, वर बारीक जाळी ताणून चारी बाजूंनी चिकटवली, म्हणजे त्यांना हवा मिळेल आणि बाहेर येता येणार नाही. वर सैल पट्टी. पहिला दिवस काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दादा एकदम म्हणाला, "शैला, गुदगुल्या होतायत."

"कुठे?"

"वरच्या कडेला. घोट्याकडं." तो थांबला. "त्या पायाला काही जाणवून मला वर्ष झालं असेल."

गुदगुल्यांचं संध्याकाळी टोचणं झालं, मग आग. तो ओठ दाबून पडला होता. घाम फुटला. "काढायला सांग," म्हणाला. मी सिस्टरला बोलावलं. तिनं वेदनाशामक दिलं, ताप बघितला, पट्टीच्या कडा पाहिल्या. "अंकल, त्या मोठ्या झाल्यात म्हणून वळवळ जाणवते. उद्या काढतो. थांबाल?" दादानं माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी मला म्हणावंसं वाटलं, काढा, बास झालं. मी म्हटलं, "थांबेल."

बुधवारी सकाळी नाश्त्याच्या वेळी आंटी किंचाळली. दादाच्या चादरीवर एक गलेलठ्ठ अळी चालली होती, एका कोपऱ्यातली चिकटपट्टी सुटली होती. मी ती तळहातावर घेतली. बाटलीतली ती कणी आता चांगली टपोऱ्या शेंगदाण्याएवढी झाली होती. धडधाकट, एकदम निरोगी अळी. सिस्टर धावत आली.

"हिला परत आत ठेवा की," दादा म्हणाला. "अजून काम आहे."

"नाही अंकल, चादरीवर पडली, आता ती स्वच्छ नाही. जखमेत नाही ठेवता येणार."

दादानं ते समजून घेतलं आणि मराठीत मला म्हणाला, "ऐकलंस? माझ्या पायात जायला हिची लायकी नाही म्हणतायत." शेजारच्या अंकलना काय झालं ते आंटीनं सांगितलं. तेही हसले. मी आले तेव्हापासून त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

तासाभरानं जाळी काढली. सिस्टरनं खाऱ्या पाण्यानं सगळ्या अळ्या धुऊन पिशवीत गोळा केल्या. पिवळा चिकटा बराचसा गेला होता आणि खाली लाल, ओलं, जिवंत मांस दिसत होतं. मी ते ओळखलं. शेतकऱ्याच्या बैलाची जखम भरायला लागली की असाच रंग येतो. डॉक्टर वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अजून एक खेप."

पिशवीला सील करून सिस्टर निघाली. दादानं विचारलं, "त्यांचं काय करणार?"

"जाळतात अंकल. नियम आहे."

रेशमासाठी मी किती लाख कोष उकळत्या पाण्यात टाकलेले पाहिले असतील. पण त्या पिशवीकडे बघताना मला पहिल्यांदा कसंतरी झालं. दादानं पिशवीच्या दिशेनं हात जोडले, पटकन, कुणी बघू नये असे. सिस्टरनं पाहिलं. ती दारात क्षणभर थांबली आणि मग गेली.

चोआ चू कांग

दुसऱ्या खेपेनंतर चार दिवसांनी ऑपरेशन झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. तळवा राहिला. डॉक्टरांनी निखिलला बाहेर बोलावून सांगितलं तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला. गौरी त्याच्याशेजारी जमिनीवरच बसली. मी दादाजवळ गेले. तो अर्धवट शुद्धीत होता. "किती?" त्यानं विचारलं.

"दोन बोटं."

"ती तर मीच सोडली होती," म्हणाला आणि झोपला.

माझ्या व्हिसाचे चार दिवस उरले असताना त्याला घरी सोडलं. टाचेवर वजन पडेल असा एक जाडजूड, पुढून उचललेला बूट दिला होता. दर दोन दिवसांनी ड्रेसिंग, रोज पाय आरशात बघायचा, मोजे घालायच्या आधी मोजा उलटा करून झटकायचा. हे शेवटचं काम इरानं आपल्याकडे घेतलं. "आजोबा, मी चेक केलं, ओके ला," असं तिथल्या लकबीत म्हणून ती मोजा त्याच्या हातात द्यायची. दादानं तिला मराठीत विचारलं की ती इंग्रजीत उत्तर द्यायची, पण त्या एका कामाच्या वेळी दोघांचं कधी अडलं नाही.

निघायच्या आदल्या सकाळी धूर थोडा विरळ झाला होता. रुग्णालयात आंटीला भेटून आले. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. तिनं माझ्यासाठी विणलेली लोकरीची छोटी पिशवी दिली. साताऱ्यात लोकरीचं काय करायचं हा प्रश्नच होता, तरी मी घेतली. ती म्हणाली, "यू स्ट्राँग वन." मी म्हटलं, "यू ऑल्सो." दोघींचं इंग्रजी तिथे संपलं.

दुसऱ्या दिवशी दादा मला सोडायला लिफ्टपर्यंत आला, काठी टेकत. लिफ्टचं दार बंद होताना म्हणाला, "जावळीच्या बाजूला गेलीस तर विचार, ती बाई आहे का अजून."

मी विचारलं. ती बाई कधीच वारली होती. दिराच्या नातवाला झाडं कुठे होती तेही माहीत नव्हतं. दादाला फोनवर तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. "बरं झालं विचारलंस," एवढंच म्हणाला.

पुढे काही महिन्यांनी निखिलचा फोन आला, चिडलेला. बाबा कुणाला न सांगता इमारतीखालून निघाले आणि एकटेच स्टेशनपर्यंत जाऊन आले. गौरी ऑफिसातून रडवेली घरी आली, इरानं शाळेतून आल्यावर आजोबांना झापलं. "तू पण बोल त्यांना आत्या. तुझंच ऐकतात." त्यानं फोन दादाकडे दिला.

"रागाव," दादा म्हणाला.

"जाताना चाललास ते कळलं. येताना?"

"येताना पण चाललो."